अस्तर

लाइपझिगच्या जत्रेत, कोट ठेवायच्या खिडकीपाशी
तू उभी राहिलीस, पाठ दुखलेली, पंखांसकट.
"हे तासभर टांगता येतील का?"

पस्तीस वर्षं मी हातमोजे शिवले, वीब्के,
कारखाना बंद पडेपर्यंत.
त्यामुळे ड्रॅगन मला आधी दिसलाच नाही.
दिसला टाका.

खवले कॉफीच्या रिकाम्या कुप्यांचे,
हातोडीनं चपटे केलेले, कौलांसारखे एकावर एक.
पंखांच्या काड्या मोडक्या छत्र्यांच्या.
सायकलच्या ब्रेकची तार बाहीतून थेट बोटापर्यंत:
तू बोट आवळलंस
आणि माझ्या खिडकीवर सावली पसरली.
रांगेतला एक लहानगा आईच्या मागे दडला,
मग एक डोळा बाहेर.

मी म्हटलं, उलटं करून दाखव.
तू लाजलीस. आजवर कुणी मागितलं नव्हतं ते.

आत पेन्सिलीच्या खुणा, पुसायच्या राहिलेल्या.
कुणाच्या तरी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचं अस्तर,
दम्याच्या पंपापुरता खिसा,
आणि डाव्या काखेत उसवून पुन्हा घातलेली शिवण,
तीनदा. भोकं मोजली मी.
"हात वर केला की," तू म्हणालीस,
"तिथे ओढ बसायची."

माहीत आहे गं.
अंगठ्याच्या बेचक्यात मोजाही असाच छळायचा.

पंख मी टांगले नाहीत.
माझ्या खुर्चीवर बसवले,
तुला बिल्ला दिला, दोनशे बारा,
आणि तू सूप पिऊन येईपर्यंत
उभी राहिले.