अक्षराच्या भावात

तांबाकाट्यावरचा नावं घालणारा विचारतो,
किती अक्षरं?
मी म्हणते, आधी जुनी पुसता येतील का?
तो पातेलं पालथं करतो, अंगठा फिरवतो
ठिपक्याठिपक्यांवरून:
भडकमकर आणि मंडळी, गिरगाव.
पुसत नाही, बाई.
घासलं तर पत्रा पातळ होईल, आमटी लागेल.
खाली घालून देतो, हवं तर.

खाली.
खालीच बसायचे मी, नववं सरलं तेव्हा,
हॉलच्या मागच्या बोळात
विळीच्या पाटावर एक पाय दाबून.
नारळामागे दहा पैसे.
शंभर नारळ खवले की तळव्यांना तेल सुटायचं,
दुसऱ्या दिवशी शाळेत पेन्सिल निसटायची
आणि बाई म्हणायच्या, चंपे, अक्षर बघ तुझं.

आई पोळ्यांना.
तिच्या पोळ्या कुणी मोजत नसे,
पीठ मोजत.

भडकमकर माणसं मोजत नसत, पानं मोजत.
आज दोनशे दहा पानं. खोबरं हात राखून.
पुढे पंगतीत आग्रह चालायचा,
आणखी एक जिलबी, माझ्या गळ्याची शपथ.
मागच्या दारी आम्हाला कुणाची शपथ नव्हती.
चार वाजता जेवायचो, उभ्याने,
जिलबीचा चुरा,
मसालेभाताची तळाची खरपुडी.
ती मला अजून भातापेक्षा आवडते.
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

एकोणीसाव्या वर्षी, मुहूर्ताच्या आदल्या रात्री
महाराज दुसऱ्या कंत्राटावर पळाला.
चारशे पानं.
भडकमकर स्टुलावर बसले डोकं धरून.
मी म्हटलं, गूळ कुठे ठेवलाय?
दुपारी व्याही उठून आले, आमटी कुणाच्या हातची,
बोलवा त्यांना.
भडकमकरांनी भाच्याला धोतर नेसवून पाठवलं.
एक्कावन्न रुपये, शाल, टाळ्या.
मी दाराच्या फटीतून पाहिलं.
शाल बरी होती.

पुढचं सगळं पटकन झालं असं वाटतं, झालं नव्हतं.
पतपेढीचा जामीन. गॅसच्या नळ्या.
एका मुंजीत आंबलेलं श्रीखंड,
त्याचे पैसे तीन वर्षं फेडले.
नवरा टेम्पो चालवायचा. मग नाही चालवायचा.
भडकमकर गेले. मुलगा म्हणाला,
भांडी भंगारात घालतोय, तुम्हाला हवीत तर वजनावर घ्या.
दोनशे सदतीस किलो.
नाव फुकट.

आणि फोन.
तोही त्यांचाच नंबर, त्यांच्याच डायरीतली घरं.
भडकमकर का?
बारा वर्षं मी म्हणत आले, हो.
पार्ल्याच्या एका आजींनी केळफुलाची भाजी खाऊन
डोळे मिटले, म्हणाल्या,
कोकणस्थ की कऱ्हाडे गं तुम्ही?
मी म्हटलं, लालबागची,
आणि त्यांच्या ताटात आणखी एक सांडगी मिरची ठेवली.
त्यांनी खाल्ली.

काय झालं बाई, किती अक्षरं?
छिन्नी कानामागे खोचून तो थांबलाय.
चंपा घाग, चार.
बासष्ट भांडी.
मनातल्या मनात गुणाकार करते,
तेवढ्यात वेलचीचा डबा येईल, चांगल्यातला.
ठेवा तशीच, मी म्हणते,
फक्त ही परात घ्या.

परात भडकमकरांची नाही. काठाला पोचा आलेली,
आई गेली तेव्हा ओट्याखाली उभी होती,
कणकेचा एक वाळका कण
कडेला धरून.
हिच्यावर सरू घाला.
सरू काय पुढे?
पुढे काही नाही.
दोनच अक्षरं? तो वर बघतो, मग ठोकायला लागतो.
टिक टिक टिक, ठिपका, ठिपका,
आईच्या पोळ्या मोजाव्यात तसे मी ते मोजते,
एकतीसवर चुकते,

कारण पर्समध्ये फोन वाजतोय.
भडकमकर का?
कोण ते सांगते, मी म्हणते,
आधी सांगा,
किती पानं?