फीलर गेज

माझ्या डिकीत स्लिप गेजची लाकडी पेटी,
एक डायल, स्टिकरची गुंडाळी, स्पिरिटचं फडकं
आणि पंख्यासारखा उघडणारा फीलर गेज:
तेरा पाती, सगळ्यात पातळ पाच शतांश मिलिमीटर.
दोन लोखंडं टेकलीत असं वाटतं
तिथे घालून बघायचं. पातं गेलं, तर फट आहे.
फटीचे पैसे मिळतात मला.

अंबडला गरवारे पॉइंटच्या मागे एक गल्ली आहे.
अकरा शेड. सगळे एकमेकांचे मेव्हणे, साडू,
एकाच आयटीआयच्या एकाच बॅचचे.
एकच टपरी, एकच हीट ट्रीटमेंटवाला,
चाकणचं एकच गिऱ्हाईक.
परवा दोंदेंच्या लेथचं बेअरिंग जळालं
तर रात्री दीडला समोरच्या शटरमधून नवं आलं,
चिठ्ठी नाही, पावती नाही.
याला मी वाईट म्हणणार नाही.
पण मार्चमध्ये अकराही जणांचा माल परत आला
एकाच कोपऱ्यात एकच बर घेऊन.
चूकसुद्धा वाटून घेतली होती त्यांनी,
कटिंग चहासारखी.
विचारायचं तरी कुणाला?
जो तो दुसऱ्याला विचारूनच आलेला.

तिकडे मोहाडीला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर
मी वजनकाटे तपासायला जाते.
प्रीकूलिंगचं दार घाम गाळत होतं.
पुठ्ठा, चिकटपट्टी, गोणपाट,
शरयू निमसेचं सगळं लावून झालेलं.
तिच्या ओळखीतले सगळे द्राक्षवाले,
सगळ्यांची दारं गळकी,
म्हणून गळणं हा दाराचा धर्मच
असं धरून चाललेले.

आणि सातपूरला, पपया नर्सरीच्या अलीकडे,
इम्तियाज कोकणी विजेच्या पॅनेलला
धूळ शिरू नये म्हणून रबराची पट्टी बसवतात,
आतून पोकळ, कानाच्या पाळीसारखी वळलेली.
पॅकहाऊस त्यांनी पाहिलेलं नाही.
द्राक्षं ते हातगाडीवरून घेतात.

मी काय केलं? स्टिकर चिकटवता चिकटवता म्हटलं,
"चाचा, ही पट्टी दाराला बसेल?"
"कसलं दार?"
"थंडीचं."
त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

सगळंच नेता येत नाही, हेही सांगते.
टेबलांवर उघडी पडलेली ड्रॉइंग मला दिसतात,
आणि दारातून निघताना
मी स्वतःला शून्यावर आणते, डायलसारखी.
इकडचा एक आकडा तिकडे सांडला
तर तेवीस शटर खाली येतील माझ्यासाठी.
मग फट नाही, नुसत्या भिंती.

पट्टी तीनदा फसली. थंडीत रबर ताठ होई.
चौथ्यांदा मिश्रण बदललं,
तेही त्या गल्लीतल्या धाकट्या मटालेने.
पंपाच्या सीलसाठी खटपट करता करता
एक मऊ रबर त्याला कधीचं जमलेलं.
गल्लीला पत्ता नव्हता.
रबराबद्दल तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही.

आता शरयू सरळ चाचांना फोन लावते.
मटालेकडच्या बारशाला मोहाडीहून पेटी आली.
माझ्यासमोर बोलतात तेव्हा
मला न कळणारे शब्द वापरतात.
बरं वाटलं.
थोडं नाहीही.

गेल्या आठवड्यात त्या दाराच्या कडेला, सवयीने,
सगळ्यात पातळ पातं लावून पाहिलं.
जाईना.
पुसलं, तेलाचं बोट फिरवलं, मिटलं.

उद्या सिन्नर. कागदी नळ्या बनवणारा कुणी नवा आलाय.
इथे कुणालाच ओळखत नाही म्हणाला.
पेट्रोल आजच भरून ठेवलंय.