पान अडतीस

होळी झाली, कूलर लागले.
पाचपावलीच्या आमच्या कॉलेजातला कूलर
हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतो,
म्हणून कादंबरी मी ओरडून शिकवते.
अकरावी क. बेचाळीस जण. पुस्तकं एकवीस.

माझी वही अकरा वर्षं जुनी.
तिच्यात लिहिलंय : बापाची चप्पल, प्रतीक, वारसा, चार गुण.
मुलं उतरवून घेतात. बर्डीवरच्या गाईडातही तेच,
तेही माझ्यासारख्याच कुणी लिहिलं असणार.

यंदा म्हटलं, गाईड दप्तरात. पेन्सिली काढा.
अडाल तिथं खूण करा,
पटलं नाही तर कडेला लिहा, लेखकाशी भांडा.
प्रज्वल बोकडे म्हणाला, "मॅडम, पुस्तक लायब्ररीचं हाय,
खुना केल्या त फाइन बसते."
मग कोणी बसचं तिकीट घातलं पानात,
कोणी संत्रा बर्फीचा कागद (वर्गभर वास),
आणि करुणा निनावेनं मागावरचं सूत,
तुटकं, जांभळं, बोटभर.
आठवड्याभरात तिच्या पुस्तकाला दाढी आली.

मी विचारत राहिले : घरात दिवा कोण लावतं?
विहीर किती पावलांवर?
हे सांगतंय कोण, आणि काय गाळून?
उत्तरं येईनात. कूलर बोलत राहिला.
प्राचार्य दोनदा दारावरून गेले,
पोर्शन, पोर्शन असे त्यांचे बूट वाजतात.

मग मागच्या बाकावरून, हात वर न करता :
"मॅडम, पान अडतीसवर बाप जाते ना घर सोडून,
तवा पायात थेच चप्पल हाय, तांब्याच्या तारेनं बांधलेली.
मंग एकशे एकाहत्तरवर पोरगा
थेच घालून विहिरीकडे कसा पळते?
घरी कोनं आणली?"

मी वहीत पाहिलं. प्रतीक. वारसा.

"तुला कसं गं दिसलं?"
"मी त रोज घरी जातानी आंदी दारातल्या चपला पायते.
बाबाची दिसली का मंग हळू जाते."

कोणी हसलं नाही.

म्हणजे बाप रात्रीतून येऊन गेला होता.
म्हणजे पोराला ठाऊक होतं.
म्हणजे एकशे तेहतीस पानं तो आपल्याला फसवत होता
आणि मी अकरा वर्षं
त्याच्याच बाजूनं साक्ष देत होते, फळ्यापाशी उभी राहून.

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला.
त्या शांततेत ऐकू आलं,
एकेका पुस्तकावर दोन-दोन डोकी,
पानं उलटतायत
मागे.

"मंग पेपरात काय लिवाचं, मॅडम?"
प्रज्वलच तो, दुसरं कोण विचारणार.

आधी वारसा लिही, म्हटलं, चार गुणांपुरता.
मग लिही की चप्पल आपोआप घरी येत नाही.
जागा संपली
तर पुरवणी माग.