मॅग्नेटचा पंखा

मे महिना, सक्करदरा.
अख्खं नागपूर कूलरच्या जाळ्यांत नवी खस भरून राहिलेलं,
आणि रामटेके बर्फवाले म्हणतात,
पंखा काढून द्या.

एम-एटीच्या कॅरिअरवर गोणपाट.
त्यातून ठिबकणारं पाणी
जमिनीला टेकेपर्यंत अर्धं वाळलेलं.
'भाचा म्हणते, पंखा ताकद खाते.
काढला का गाडी पळते बाप्पा, पेट्रोल बी वाचते.'
टेकाम उस्ताद बोलले नाहीत.
माझ्याकडे पान्यांचा डबा सरकवला.

काऊलचे तीन स्क्रू सुटले, चौथा गंजलेला.
छिन्नी तिरकी धरली. पहिला घाव अंगठ्यावर.
काऊल निघालं
आणि आत घर निघालं कुंभारमाशीचं,
सिलिंडरच्या पाकळ्यांत लिंपलेलं,
इंजिनानं भाजून वीट केलेलं.

पंख्याची दोन पाती आधीच गेलेली.
चाकाला पट्टा अडकवला, नट सोडला,
पुलर पुरता फिरवला;
अर्ध्यावर ओढलं तर आटे जातात,
हे मागच्या उन्हाळ्यात दोनशे रुपयांना शिकले.
मग पुलरच्या डोक्यावर एक ठोका.
टक्.
शाफ्टनं पंखा सोडला,
आणि नखाएवढी अर्ध्या चंद्राची चावी
कुठंतरी उडाली.

तिघं गुडघ्यांवर. काळं ऑइल, वाळू, विड्यांची थोटकं.
ती सापडली
माझ्या हातातल्या चाकाच्या आत,
चुंबकाला चिकटून.

'पाहा,' उस्ताद आता बोलले,
'ठिणगी याच चाकात, वारा बी याच चाकात.
एक नेलं तर दुसरं जाते.'
'मंग पाती तोडा ना.'
'अन् फाटक बंद असलं तर?
मागं बर्फ, खाली आग, मधात तुम्ही.
काहून उभं राहाल?'

रामटेके हसले नाहीत. गोणपाट चाचपत राहिले.

मांडणीवरचा जुना पंखा चढवला.
चंद्रकोर खाचेत बसवताना
माझा श्वास आपोआप थांबला.
तिसऱ्या किकला इंजिन धरलं.
मजुरीत थोडी सूट मागून
त्यांनी बर्फाचा एक तुकडा फोडून दिला,
तो उस्तादांनी पाण्याच्या डब्यात टाकला.

दुपारी कुंभारमाशी आली.
गाडी उभी होती तिथं घिरट्या घातल्या,
आणि मग, बर्फाच्या पाण्यानं
फरशीच्या कडेला जेवढी माती ओली राहिली होती,
तेवढीवर उतरली.