रूळ खोकला

मालधक्क्यावर डब्याला वाघीण म्हणतात.
बेचाळीस वाघिणी सकाळपासून उभ्या आहेत
गूळ मार्केटच्या तिसऱ्या लाईनीवर,
पोटात साखर, तोंडाला सील,
आणि एकही गुरगुरत नाही.

मिरजेहून दक्षिणेची जोडणी चार-चाळीसला.
ती चुकली की ही साखर उद्याची, परवाची,
किंवा मग कुठल्याच तारखेची नसते.
हे भूपाल मगदूम मला तीनदा सांगून गेला,
चौथ्यांदा चहा घेऊनच आला.
"तासाला किती विलंब-आकार पडतोय, ठावं हाय न्हवं सायेब?"
ठावं आहे. तो मीच लिहितो.

अडलंय रुकडीच्या अलीकडं.
वळिवडं सुटलं, पंचगंगेचा पूल उतरला
की भराव लागतो, तिथं.
काळी माती. उन्हात भेगाळते, पाणी प्याली की फुगते,
खडी किती ओता, गिळून मोकळी.
रूळ तिच्यावर झोपतो तो कुशी बदलत.
ड्रायव्हरला मिळतो तो सावधानतेचा कागद:
अमुक किलोमीटर ते तमुक, वेग वीस.
कुणाचं शेत, कुठलं झाड, त्यात काही नाही.

दस्तगीर मुल्लाणी आकडे सांगत नाही.
तो म्हणतो करंजाखालची जागा,
म्हशीची जागा,
थोरला जन्मला तवा मी हुतो ती जागा.
खांद्यावर घण, पिशवीत चाव्या, काखेत दोन झेंड्या,
सहा किलोमीटर जायचं, तेच सहा परत यायचं,
अठ्ठावीस वर्षं.
मी एकदा पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला:
पृथ्वीला अडीच फेऱ्या.
तो म्हणाला, "आनी मिरज बघून धा वरसं झाली."

आज पहाटे करंजाखाली त्यानं जोडावर घण घातला
आणि रूळ नेहमीसारखा वाजला नाही.
"खोकला," तो फोनवर म्हणाला.
"सायेब, रूळ खोकला."
लाल झेंडी रोवून तिथंच बसला.
पॅसेंजर वळिवड्यात थांबली, माझ्या वाघिणी इथं.

नोंदवहीत विलंबाच्या कारणाला रकाना आहे,
रुंदी दोन बोटं.
'खोकला' त्यात मावतो, पण चालत नाही.

अकरा वाजता मगदूमचा धीर सुटला.
मोटारसायकलला लाथ मारून निघाला
दस्तगीरला चार शब्द ऐकवायला.
दरम्यान धक्क्यावर अक्काताईनं सांडलेली साखर झाडली,
मुंग्यांची रांग सातव्या वाघिणीपर्यंत पोचली.
त्यांची जोडणी कधी चुकत नाही.

मगदूम दीडला परतला. पायताणाला काळी माती.
खुर्चीवर बसला, माझंच पाणी प्यायला.
"त्यानं घण माझ्या हातात दिला," म्हणाला.
"चांगल्या जोडावर मारा म्हणाला, मग ह्या जोडावर."
बराच वेळ काही बोलला नाही.
"पट्टीला चीर हाय. केसाएवढी. दिसत न्हाई,
पर ऐकू येती."

पट्टी बदलली. तीन-दहाला वाघिणी हलल्या,
वीसच्या वेगानं, पुलावरून आणखी हळू.
मिरजेत अकरा मिनिटं उशीर.
जोडणी निघून गेली होती.

मी रकान्यात लिहिलं: जोडपट्टी, तडा.
मगदूमनं पैसे मोजले, कुरकुर न करता नव्हे,
पण मोजले.
पावती घेऊन रिकाम्या लाईनीपाशी गेला,
इकडंतिकडं बघितलं,
आणि खाली वाकून
मोटारसायकलच्या किल्लीनं रुळावर टकटक केली.
कान लावला.