कोपऱ्यातला एक मिलिमीटर

मारिन्या ग्रांद. रात्रपाळी.
बाहेर पाइनच्या रानातून येणारी खारट हवा,
आत कूलंटचा वास,
तो डब्यातल्या पावालाही लागतो.

देल्फिमनं लावला सरळ कोपऱ्याचा कटर, नवाकोरा.
"धार बघा, ओदेतबाई!"
बघितली.
बावन्न रॉकवेलचं पोलाद,
चौथ्या फेरीला टोक गेलं,
मिठाच्या कणाएवढं.
आधी आवाज बदलला,
मग तळावर रेघ.

मी रागावले नाही. भिंगाखाली धरलं फक्त.
सगळा भार ज्याच्या माथी
त्या टोकाला उभं राहायला
केसभरही जागा नव्हती.

माझे वडील काचकारखान्यात होते.
म्हणायचे, काच तडकते ती कोपऱ्यापासून.
पोलादाचंही तेच,
फक्त ते उशिरा सांगतं.

मग ड्रॉइंग उघडलं.
इस्पितळातल्या मुलांचा जेवणाचा ट्रे.
हा साचा त्याच्या बाहेरच्या अंगाचा,
तळ आणि भिंत भेटतात तिथे त्रिज्या दीड,
बारक्या मांडीवर ठेवला तरी रुतू नये म्हणून.
"मग दीडचाच घेऊ," तो म्हणाला.
घे की.

तुकड्यावर चालवून बघितला.
कोपऱ्यात शिरला आणि कण्हायला लागला.
आख्खी गोलाई एकदम पोलादाला भिडली,
अंग चोरायला वाव नाही.
भिंतीवर लाटा, बोटाला कळतील अशा.
देल्फिमचे कान लाल.

एकचा घे आता.
दहाचा कटर, कोपऱ्याला एक,
म्हणजे खाली सपाट उरलं आठ.
नऊ नाही रे, दोन्ही बाजू मोज.
तळावर पावलं त्या हिशेबानं टाक.
होल्डरमधून लागतो तेवढाच बाहेर काढ,
लांब मान डुलते.
आणि कोपऱ्यात त्याला वळू दे,
कोंबू नकोस.

पावणेपाचला मशीन थांबलं.
देल्फिमनं कोपऱ्यातून नख फिरवलं,
तळातून भिंतीवर, परत तळात.
कुठे अडलं नाही.
तो काही बोलला नाही,
पण नख तीनदा फिरवलं.

तुटका कटर भंगारात टाक म्हटलं
तर त्यानं गुपचूप खिशात टाकला.
खिसा फाटेल, हे मी सांगितलं नाही.
माझाही फाटला होता.