लागली का?

आई विचारते, लागली का?
आमच्या भाषेत नोकरी मिळण्याआधी लागावी लागते,
ठेच लागावी तशी,
ध्यानीमनी नसताना.
मी रोज रोल्यापासून कासिमियापर्यंत चालतो,
खाली बघत.
ठेच तेवढी लागते.

खाट क्रमांक चार, वरची.
रात्री माझी, दिवसा तुलबहादूरची.
तो ड्यूटीवरून सहाला येतो, मी उतरतो.
गादीला गार व्हायला कधी वेळच मिळत नाही.
उशीला त्याच्या तेलाचा वास,
तो माझ्या केसांतून इंटरव्ह्यूपर्यंत येतो.

डिग्रीच्या पाठीवर शिक्के आहेत,
मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा,
गोल, चौकोनी, एकावर एक चढलेले, त्यातला एक हिरवा.
पुढच्या बाजूला फक्त माझं नाव, सिव्हिल, प्रथम श्रेणी.
काउंटरवरचा माणूस कागद हातात घेतो
आणि आधी उलटा करतो.

जूनमध्ये सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो.
ऑफिसच्या अलीकडे सुपरमार्केट आहे.
मी गोठवलेल्या वाटाण्यांपुढे उभा राहतो घाम सुकेपर्यंत,
काचेत बघून टाय सरळ करतो.
तिथली मारिसेल आता ओळखते.
आज पुन्हा? म्हणते,
आणि माल भरताना फ्रीझरचं दार
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उघडं धरते.

इथला अनुभव?
नाही सर.
मग इथला अनुभव घेऊन या.
जसा काही कोपऱ्यावरच्या बकाल्यात
अर्धा किलो मिळतो.

मागच्या सोमवारी आम्ही एकोणीस जण
एका कुलपासमोर रांगेत उभे होतो.
कंपनी शनिवारीच बुडाली, असं लिफ्टवाला सांगून गेला.
तरी अर्धा तास कुणी रांग मोडली नाही.
माझा नंबर सातवा होता,
आणि खोटं कशाला बोलू,
बरं वाटत होतं सातवा असल्याचं.

बाबांना सांगतो, प्रोसेस चालू आहे.
ते चौकात सांगतात, प्रोसेस चालू आहे.
चांगला शब्द आहे. काहीही मावतं त्यात.

काल रात्री खालच्या खाटेवरचे शरफूभाय म्हणाले,
माझा पण एक बायोडाटा मार रे.
एकतीस वर्षं ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या त्यांनी.
परवा मुदीर म्हणाला, काम नाही, हिशेब घ्या.

शिक्षण?
चौथी. दाभोळची उर्दू शाळा. मग लाँचवर.
पत्ता?
हसले. खाट तीन, लिही.
अनुभव?
त्यांनी मला दंडाला धरून खिडकीशी नेलं.
ती बिल्डिंग. तिच्या मागची.
ती निळ्या काचांची, बाराव्या मजल्यापासून वर सगळी.
ती नाही, ती नाही, ती बंगाल्यांनी केली,
तिच्यातून पाणी गळतं.
बोट फिरत राहिलं
आणि ते ज्यावर ठेवत होते
तिथे तिथे दिवे लागत होते.

मी टाइप करत गेलो. दोन पानं झाली, तीन झाली.
माझा एका पानात संपतो,
तोही मोठ्या अक्षरांत.

शेवटी उद्दिष्टाचा रकाना.
माझ्यात आहे: नामांकित संस्थेत आव्हानात्मक संधी.
एकोणीस जणांच्यात तेच असणार.
शरफूभाय बराच वेळ नखातला सिलिकॉन काढत बसले.
मग म्हणाले, लिही,
एवढ्यात घरी जायचं नाही.
लिहितात का रे असं?

नाही लिहीत.
मी लिहिलं.

ते झोपले. मी माझी फाइल उघडली,
व्हिसाचे नऊ दिवस उरलेत,
ती आव्हानात्मक संधी खोडली
आणि तिथेच अडकून राहिलो,
कर्सर लुकलुकतोय,
एसी खोकतोय,
आणि जिन्यात तुलबहादूरचे बूट
वाजायला लागले.